दोन लायनी

माझ्या दुकानात इंटरनेट दोन वाटांनी येतं.
एक शौकत मुलाणीची केबल,
लिंबावरून, पतसंस्थेच्या पत्र्यावरून,
मेडिकलच्या बोर्डाला वेढा घालून
खिडकीच्या फटीतून आत.
दुसरं सिमकार्डाचं डबडं,
गजाला बांधलेलं, तोंड रेवणगावच्या टॉवरकडं.
एक गेली तर दुसरी असावी.
विट्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही,
नळ असला तरी बॅरल भरून ठेवतातच.

मधे एक यंत्र बसवलं,
दोन्हींवर ओझं वाटून देणारं.
आठ दिवस त्याला उदबत्ती ओवाळायचीच बाकी होती.
सातबारा निघतोय, फॉर्म भरले जातायत,
पोरं निकाल बघून पैसे न देता पळतायत.

फक्त बँक.
बँक आत घ्यायची, नाव विचारायची,
आणि पैसे पाठवायच्या ऐन वेळी
बखोटीला धरून बाहेर काढायची.
'सुरक्षेच्या कारणास्तव आपले सत्र समाप्त झाले आहे.'
सत्र म्हणे.

हिंदुरावमामा चौथ्यांदा ओटीपी वाचत होते,
मोबाईल हातभर लांब धरून,
एकेक आकडा काट्यावर ठेवल्यासारखा.
सेलमला नातवाची फी, आज शेवटची तारीख.
"पोरी, मी चोर वाटतोय का गं तिला?"

दिवेलागणीला शौकत आला.
चहा बशीत ओतत म्हणाला,
"ताई, तुमच्यात खोट न्हाई, बँकेतबी न्हाई.
तुम्ही पुढच्या दारानं आत शिरताय
न् बोलता बोलता दुसरा शब्द मागच्या दारानं येतोय.
कुलूप दोन्हीकडं पक्कं हाय.
पण आतल्यानं काय समजायचं?
माणूस तोच, पत्ता दुसरा."
मग यंत्रात एकच ओळ लिहिली:
बँकेला जायचं तर केबलनंच.
बाकी जगाला दोन्ही मोकळ्या.

फी गेली. पावती निघाली.
मामा बाकावरून उठले नाहीत.
"चाळीस वर्सं गलाई केली सेलमला.
मुशीत सोनं, छातीत धूर.
तिथं मला मराठा शेट म्हणत्यात,
हितं उतरलो की सेलमवाले.
रेशनकार्ड हितलं, आधार तिथलं.
आई हितं गेली तवा मी तिथं,
बायको तिथं गेली तवा मी हितं.
शौकत, तेवढी एक ओळ लिव की कुठंतरी,
ह्या गड्याला कुठल्या दारानं आत घ्यायचं."

शौकतनं पक्कड पिशवीत टाकली,
पुन्हा काढली, पुन्हा टाकली.
मी पावतीची घडी घालत बसले,
चौघडी, आठपदरी,
पुढं घालता येईना.

परवा उसाच्या ट्रॉलीनं केबल तोडली.
डबड्यावर सगळं चालू होतं,
दाखले, तिकिटं, कुणाच्या तरी लेकीचा साखरपुडा लाइव्ह.
बँक तेवढी बंद.
"एक लाईन हाय की चालू," रांगेतला एकजण म्हणाला.
आहे. पण बँकेची वाट तिच्यावरून नाही.
उद्या या.

तेवढ्यात फोन वाजला.
अनोळखी नंबर, तमिळनाडूचा,
खाली लाल अक्षरात: फसवणुकीची शक्यता.
उचलला.
पलीकडं आधी नुसता खोकला,
मग "पोरी."

मी म्हटलं, बोला मामा.