लाल मेणाचं साल

तळघराच्या तिसऱ्या पायरीवरच वास गाठतो:
मधमाशांचं मेण, मेंढीच्या लोकरीची चरबी,
आणि त्यामागून, बोलावलं नसताना आलेल्या पाहुण्यासारखं, शिसं.
बाहेर सुपीरियर सरोवर नोव्हेंबरची भांडणं उकरून काढतं;
इथे माझा बाप, रेइनो, आईच्या दुधाच्या पातेल्यात
गोळ्यांचं वंगण विरघळवतो.

त्या पातेल्यावरून सात वर्षं घरात धुसफूस.
"दुकानात मिळतं की हे," आई म्हणायची.
"मिळतं," तो म्हणायचा, आणि ढवळत राहायचा.
मेण सुलो कांगासच्या पेट्यांतलं,
प्रमाण त्याचं स्वतःचं, कुठेही न लिहिलेलं.
थंड वडीवर अंगठ्याच्या नखानं ओरखडा काढायचा;
कडा भुरभुरली तर चरबी,
नख रुतलं तर मेण.

मग दाबयंत्र. पितळी कवचं रांगेत.
दांडा ओढायचं काम माझं, ऐकायचं त्याचं.
शेवटच्या साच्यात कवचाचं तोंड
गोळीच्या गळ्याशी मिटायचं, केसभर.
"आवळू नकोस. नुसतं धर."
जास्त झालं की पितळ पोटाशी फुगायचं.
तो ते उचलून खिडकीत उभं करायचा, काही न बोलता.
माझ्या बारा चुका तिथे ओळीनं उभ्या होत्या.
उन्हात झकास दिसायच्या.

आई गेली त्या साली सुलोच्या पेट्या अस्वलानं फोडल्या.
मेण नव्हतं.
बापानं कपाटाचा खालचा खण उघडला:
तिच्या नाताळच्या मेणबत्त्यांची थोटकं,
दालचिनीच्या वासाची, वर्तमानपत्रात गुंडाळून राखलेली.
पातेलं लाल झालं.
त्याला ठाऊक होतं, हे मेण या कामाचं नव्हे,
ठिसूळ आहे, बंदुकीची नळी शिशानं माखेल.
तरी पन्नास गोळ्या माखल्या,
आणि त्या रात्री दांडा त्यानं स्वतः ओढला.
मी ऐकत होते.
पन्नासही वेळा तोच आवाज,
कडी न लावता दार लोटून घ्यावं तसा.

हरणांच्या मोसमात त्यानं दुकानातली पेटी नेली,
आयुष्यात पहिल्यांदा.
पावती खिशात जपून ठेवली,
कुणाला तरी दाखवायची असावी तशी.

आता त्याचा कॉफीचा कपही मी धरते.
काल फळीच्या मागे तो डबा सापडला,
वर त्याचं अक्षर: लाल. उडवायच्या नाहीत.
एक उचलून नखानं ओरखडलं.
कडा भुरभुरली. वास होता अजून,
किंवा मला वाटला.

"काय शोधतेस?" वरून त्याची हाक.
"पातेलं."
"दूध तापवायला?"
"हो."
बराच वेळ काही नाही. वाऱ्यानं खिडकीतली पितळं किणकिणली.
मग म्हणाला, "घासून घे नीट.
तिला कळतं."