तिसरी पाळी

भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर
उर्वीनं नाशिक संपवलंय.
द्वारकेच्या पुलाखाली दिवसा व्हॅम्पायर झोपतात,
सिडकोत एक दिवा नाही,
दहावीचे पेपर अर्थातच रद्द,
क्लासच्या सरांना तर पहिल्याच रात्री चावले.

उरलेले बारा जण पांडवलेण्यांत.
ज्यांनी वाचलंय तेच वाचतील, म्हणते,
आणि उशाखालचं जाडजूड पुस्तक दाखवते.
पाणी किती, दोर किती, पहाऱ्याला कोण कधी,
आमच्या सुपरवायझरला जमायचं नाही इतकं चोख.
वर्गात हजेरीलाही जिचा आवाज फुटत नाही
ती तिथं हुकूम सोडते,
लोक ऐकतात.

बारावं नाव: पप्पा.
पुढे प्रश्नचिन्ह.

बरोबरच आहे. रात्रभर मी सातपूरला, प्रेसवर.
दिवसा पडदे ओढून झोपतो,
डोळे लाल,
कुणी हाक मारली तर अंगावर जातो.

आज सव्वासातला दार वाजवलं.
आतून आवाज: "आधी उन्हात उभे राहा."
गॅलरीच्या कठड्याशी हातभर ऊन आलेलं.
हातात रिकामा डबा, समोरून बेंडकुळे बघतायत,
राहिलो उभा.

जळलो नाही.
बराच वेळ काहीच झालं नाही.
मग कडी.