पावणेनऊ

नाताळला इथं सुट्टी नसते.
त्या दिवशीही पहाटेपासून मासळीच्या कारखान्यात,
हातांवर दोन-दोन मोजे, तरी बोटं कुणाची तरी उसनी.
आज तुमचा सण ना? ओकुमुरा म्हणाला.
माझा नाही, म्हटलं. तरी त्यानं डब्यातून दिली
स्ट्रॉबेरीच्या केकची एक फोड, फितीसकट.

सव्वीसला दुकानातला सांता गायब.
त्याच्या जागी पाइनच्या फांद्या, पेंढ्याचा वळलेला दोर.
केक निम्म्या किमतीत.

मग खरी सुट्टी लागली आणि गाव मिटलं.
शेजारच्या व्हिएतनामी मुली ओसाकाला गेल्या.
खाडीवर भर थंडीत ढग गडगडले.
घरमालकीण हामातानीबाई म्हणाल्या,
ही बुरी माशांना उठवणारी वीज.
उठले मासे. मी दुपारपर्यंत अंथरुणात.

एकतीसला बाईंनी फडकं हातात दिलं.
धूळ नव्या वर्षात न्यायची नाही.
खिडकीचे रूळ टूथब्रशनं घासले,
कपाटामागं लहान मुलाचा बूट सापडला, एकच.
बाईंनी तो पुसला
आणि परत तिथंच ठेवला.

रात्री देवळात रांग. घंटेचे एकशे आठ टोले,
दर टोल्याला माणसाची एक हाव गळते म्हणे.
माझ्या चिठ्ठीवर चौऱ्याण्णव.
ही कुठली हाव? भिक्षूला विचारलं.
यादी पाहिलीय कुणी, म्हणत त्यानं नाक पुसलं.
ओंडक्याचा दोर ओढताना एकदम वाटलं
नेमकी ती जाऊ नये, आणि हात सैल पडला.
टोला अर्धाच झाला.
मागचा म्हातारा हसला, चांगलं हसला.

परतताना बर्फ, उतार, बाईंचा गुडघा.
घरी आलो तर सव्वाबारा.
सोबा बाराच्या आत खायच्या असतात.
मागच्या वर्षाशी नातं तोडायला, म्हणून तर त्या पटकन तुटतात.
भांड्यात फुगलेल्या सोबांकडे बाई बघत राहिल्या.
पंचेचाळीस वर्षांत, म्हणाल्या, आणि थांबल्या.

मग चष्म्यावरून माझ्याकडे.
तुझ्या गावी किती वाजले?
पावणेनऊ, म्हटलं.

बाईंनी गॅस पेटवला.
मग काय घाई आहे, म्हणाल्या,
आणि दोन वाडगे काढले,
कांदापात कापायला घेतली,
बारीक, अगदी बारीक,
वर्ष संपायला सव्वातीन तास असल्यासारखी.