दुसरा ब्रेक

माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत.
एक शिकणारीच्या पायाशी,
एक माझ्या.
एकवीस वर्षं डाव्या सीटवर बसून
उजवा गुडघा गेलाय.
डॉक्टर म्हणतात, जिने टाळा.
जिन्यांचा काय संबंध?

त्या मंगळवारी नसरीन तांबोळी चालवत होती,
रात्रपाळी उरकून थेट आलेली नर्स.
आठवा धडा. राजाराम पूल ते विठ्ठलवाडीची कमान.
स्टिअरिंग तिनं असं धरलेलं
की तान्ह्या बाळाला अंघोळ घालतेय.
सिग्नल लाल झाला. थांबली.
पट्ट्याच्या वीतभर अलीकडे.
मी म्हणाले, शाबास.

आणि समोरून,
म्हणजे जिथून कोणी यायचंच नसतं तिथून,
पोलिसांची जीप.
सायरन नाही, दिवा नाही.
आमचा उजवा आरसा गेला,
काचा नसरीनच्या मांडीवर.
जीप पुढे जाऊन रसवंतीपाशी थांबली.
दोन ग्लास घेतले, बिनबर्फाचे.
घाई कसली होती ते मला माहीत आहे.

चौकीत साहेब आधी म्हणाले, बसा.
मग म्हणाले, लायसन्स.
दाखवलं.
पीयूसी. इन्शुरन्स. स्कूलचा परवाना.
सगळं एका पिशवीत असतं माझ्या,
लग्नाच्या फोटोंपेक्षा नीट.
मग म्हणाले, शिकाऊ बाई, तिनंच कट मारला असणार.
म्हटलं, साहेब, थांबलेली गाडी कट कशी मारते?
कोपऱ्यातला रायटर हसला
आणि लगेच खोकला.

गेल्या महिन्यात त्याच चौकात
माझं पुढचं चाक पट्ट्यावर आलं होतं.
पाचशे रुपये, फोटोसकट, मोबाईलवर.
फोटो सुंदर आला होता.
मी त्या कॅमेऱ्याचं विचारलं.
मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.
पंखा जरा हळू झाला,
की मलाच तसं वाटलं.

साहेब म्हणाले, आरशाचे किती? देऊन टाकतो.
आठशे.
आठशे नकोत, पोच द्या.
शिक्का, तारीख, आवक क्रमांक.
शिक्का सापडेना. मग शाई वाळलेली.
मी बसून राहिले.
सव्वा तासानं कागदावर उमटला
एक फिकट जांभळा गोल, अर्धाच.

नऊ दिवसांनी धोंडगे आला,
त्या जीपचा चालक, साध्या कपड्यांत.
माझ्या मुलापेक्षा लहान.
खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला,
मॅडम, लॉगबुकात त्या वेळी गाडी चौकीतच उभी आहे.
अक्षर माझं नाही.
सही माझी आहे.

कोणी शिकवलं रे तुला असं चालवायला?
म्हणाला, साहेब शेजारी बसतात.
ते म्हणतात घाल, की घालायची.
त्यांच्या पायाशी ब्रेक नसतो, मॅडम,
नुसतं तोंड असतं.

चहा दिला त्याला. माफ केलं असं नाही.
म्हटलं, हे लिहून देशील?
तो भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला,
प्रवेश बंदच्या लाल गोलाकडे.
चहा अर्धा ठेवून गेला.
अर्ध्या कपावर साय धरली,
मग मी तो ओतून टाकला.

आरसा त्याच दिवशी बसवला होता, माझ्या पैशांनी.
आरशाविना धडा होत नाही.
उत्तर अजून आलेलं नाही.

म्हणून दर सोमवारी, अकराला,
माझ्या मुली समांतर पार्किंग शिकतात
चौकीच्या दारासमोर.
पुढे, मागे, पुन्हा पुढे.
नसरीनला लायसन्स मिळालं, तरी ती येते,
म्हणते, मागे घेताना अजून अंदाज चुकतो.
खोटं बोलते.
मी खाली उतरते, आत जाते,
आवक क्रमांक सांगते, तोंडपाठ.
रायटर रजिस्टर उघडतो,
न सांगता, हल्ली.
साहेब खिडकीतून गाडीकडे बघतात.

परत येऊन बसते.
गुडघा ठणकतो.
हं, म्हणते, आता आरशात बघ,
मागून कोण येतंय ते,
आणि घे हळूहळू.