चार बोटं

मॉडेलं तीन होती.
पाण्याचं प्रणोतीनं केलं, सलग,
एका क्षणातून दुसऱ्यात न तुटता जाणारं:
तलावाचा उतार, सलंगेची उंची, उन्हानं उडणारी वाफ.
तुडुमाच्या मोटारीचं माझं:
उघडं, बंद, अडकलेलं.
तीन वर्तुळं, मधे बाण.
तिसरं शहबाजचं, निरोपांचं.
निरोप निघतो, टॉवरवर खोळंबतो,
उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही.

ज्याचं त्याला बरोबर.
साकोलीच्या भाड्याच्या खोलीत
कूलरचं पाणी वायरींपर्यंत येत असताना
आम्ही एकमेकांना आलेख दाखवले
आणि चहा मागवला.

मग जोडली.

प्रणोतीचं पाणी सेकंदाच्याही पोटात शिरायचं,
माझं फाटक पाच मिनिटांनी एकदा डोळे उघडायचं,
शहबाज सांगायचा ते मघाचं.
खुणेच्या रेषेला पाणी टेकलं की
उघड. बंद. उघड. बंद.
पडद्यावर फाटकाला हिव भरलं.
रात्री दोनपर्यंत प्रत्येकानं
दुसऱ्याच्या वहीत चूक शोधली.
कुणाच्याच वहीत नव्हती.

सकाळी पारीवर गेलो.
इस्तारी वलथरे जाळं सांधत होता.
मोटार बसायच्या आधी बत्तीस वर्षं
तुडुमाचा डाट त्याच्या हातात.
त्याला विचारलं, कोणत्या खुणेवर उघडायचास?
म्हणाला,
"उघडाची खून येगरी, लावाची येगरी.
मंधात चार बोटं.
थ्या चार बोटांत मी भाकर खातो."

प्रणोतीनं पट्टी काढली.
त्यानं पंजा टेकवला, चिखलासकट.
बहात्तर मिलिमीटर.

आता फाटक त्या बहात्तरात गप्प असतं.
शहबाजच्या निरोपाच्या कपाळावर
त्याचं वय लिहिलेलं असतं,
शिळ्या निरोपावर मोटार हलत नाही.
तिन्ही घड्याळं एक झाली नाहीत,
एकमेकींसाठी थांबायला शिकली एवढंच.
शेवटच्या बांधीत रोवणीला पाणी पोचलं.

राहिलं ते एक.
बेशरमाची काडी दाराच्या खाचेत बसते,
ती तिघांच्याही मॉडेलात नाही.
"अडकलेलं" या वर्तुळात बाण शिरतो.
बाहेर पडणाऱ्या बाणावर काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.
तूर्त तिथं इस्तारीचा मोबाइल नंबर आहे.
तो बहुतेक वेळा
कव्हरेजच्या बाहेर असतो,
गुडघाभर पाण्यात.