पट्टी कुठल्या बाजूला

शुक्रवारी रबाळेत वीज नसते.
शनिवारी तांडेल गोणीतून बोर्ड आणतो, मेलेले.
सगळ्यांचं दुखणं एकच:
सात-आठ-चोवीस,
आतून शॉर्ट, वरून धडधाकट.

शेठ म्हणाले, लाइनच खराब, वरून काहीतरी आलं.
वरून काही आलं नव्हतं.
वरचं गेलं, एवढंच.
पुढे कपॅसिटर तुडुंब भरलेला,
तो निघाला परत
आला त्याच दाराने, दार फोडून.

डायोड लावू या, मी जानेवारीतच म्हटलं होतं.
बोर्डामागे सत्तर पैसे, गुणिले चार हजार:
शेठनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला
आणि तसाच ठेवला, मला वाचता यावा म्हणून.

आता लावते मी, जेवणाच्या सुट्टीत,
ठाण्याहून माझ्या पैशांनी आणलेले.
रेग्युलेटरच्या डोक्यावरून आडवा,
एक पाय आउटपुटला, एक इनपुटला,
पांढरी पट्टी इनपुटकडे.
तांडेल डबा धुऊन येतो, वाकून बघतो.
हा उलटाच बसलाय की गं.
उलटाच बसवायचा असतो.
मग काम कधी करणार?

वीज जाईल तेव्हा.
किती वेळ?
डोळ्याची पापणी लवायच्या आत.

तो हसतो, पुढची गोणी सोडतो.
बोटांना फ्लक्सचा वास.
अजून एकशे बारा.