कडी

मार्केट यार्डात, अडत दुकानाच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही कादंबरी वाचतो.
खाली हळदीची पोती; त्यामुळं
कुठलंही पुस्तक उघडा,
पानाच्या कडेला पिवळा अंगठा असतोच.

या महिन्यात तीच कादंबरी,
जी मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवली.
शेवटच्या प्रकरणात नवरा परत येतो,
तीनदा थाप मारतो,
ती उठते, दारापर्यंत जाते, कडीवर हात ठेवते.
दार उघडत नाही.
तिथंच संपते.

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं:
बंद दार म्हणजे परात्मता.
ती म्हणजे नकार.
पोरांनी ते वहीत उतरवलं, वहीतून पेपरात,
पेपरातून ते माझ्याकडंच परत आलं
आणि मी त्याला दहापैकी आठ दिले.
दहा कधीच नाही.
का नाही, ते कुणी विचारलं नाही.

तवनाप्पा मगदूम खालच्याच दुकानात तोलार.
तीन गुरुवार गप्प बसून होते.
चौथ्या गुरुवारी खाकरून म्हणाले,
"बाई, कडी गंजलीया की."

कुणाची?

"दाराची. पान एकेचाळीस बघा.
पावसाळ्यात कडी आडकती.
नवरा म्हणतोय, आल्यावर तेल घालतो.
आन् गेला त्यो.
मग तेल कुणी घातलं?
सगळं पुस्तक बघितलं मी. कुणीबी न्हाई."

कुणीतरी हसलं.
पोस्टातून निवृत्त झालेले मेहेंदळे म्हणाले,
हे जरा स्थूल वाचन झालं.
तवनाप्पांना राग आला नाही.
"पूर्वी हितं सौद्यात
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
दोघांनाच कळायचं.
लेखकानं तसं बोट दाबलंय, असं वाटतंय मला.
तुम्ही समदी मोठ्यानं बोली लावतायसा."

मी एकेचाळीसावं पान काढलं.
होती. दीड ओळ.
शेजारी माझ्याच तरुण अक्षरात, पेन्सिलीनं:
'वातावरणनिर्मिती.'

न उघडणारा हात
आणि उघडू न शकणारा हात
कागदावर एकसारखाच दिसतो.
मग तिचा कुठला?
तवनाप्पा चपला शोधत होते.
"त्ये मला न्हाई ठाव, बाई.
मी वजन सांगतो. भाव न्हाई."

रात्री गावभागात घरी आले.
पुरात फुगलेलं माझं दार
तेव्हापासून चौकटीत घासतं.
आतून दोन्ही हातांनी ओढावं लागतं,
भिंतीला पाय लावून,
आणि तोवर बाहेरचं माणूस निघून गेलेलं असतं.
समोरच्या शकुंतला कोरे
गेल्या दोन दिवाळ्या फराळाचं ताट घेऊन आल्या नाहीत.
मी त्यांना शिष्ट म्हणत होते.
मनात. आणि एकदा भाजीवालीजवळ.

दिवा न लावता बशीत थोडं तेल घेतलं,
दाराशी गेले,
आणि मग आठवलं,
फुगलेल्या लाकडाला तेलाचा काय उपयोग?
तिथं रंधा लागतो.

सुतार रविवारी येतो म्हणाला होता.
कुठल्या रविवारी,
ते मी विचारलं नव्हतं.